हिरव्या नोटांना घडी चालत नाही

१

गळ्याशपथ सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. तीळभर जरी खोटं असलं ना, तर माझी कवळी आत्ताच्या आत्ता गळून मांडीवर पडू दे. पडली? नाही ना? मग गप ऐका.

बोटीच्या धक्क्यासमोर नोटा बदलून द्यायचं एक दुकान होतं. पाण्याच्या अलीकडे एक देश, पलीकडे दुसरा. इकडच्या नोटा तपकिरी, तिकडच्या हिरव्या. पलीकडे जाणाऱ्यानं तपकिरी देऊन हिरव्या घ्यायच्या, येणाऱ्यानं हिरव्या देऊन तपकिरी. एवढाच धंदा, पण सकाळपासून रांग.

दुकानाच्या दाराबाहेर, फुटपाथवर, खिडकीला पाठ लावून चिकटमावशी बसायची. फाटक्या नोटा जोडणं हे तिचं काम. पातळ कागद, खळीची वाटी, एक ब्रश आणि मांडीवर फळकूट. तिनं जोडलेली नोट उन्हात धरली तरी सांधा दिसायचा नाही. दुकानातली कॅशियर तिची सख्खी भाची, आई गेल्यापासून मावशीच्याच हाताखाली वाढलेली. "पोरीची जबाबदारी माझी," असं शेठला सांगून मावशीनंच तिला तिथे चिकटवली होती.

त्या दिवशी बाराच्या सुमाराला मावशीनं एका नोटेला खळ लावली आणि आतून भाचीची किंकाळी आली.

नोट हातात, ब्रश दातात, अशी मावशी आत धावली.

काउंटरपाशी एक सुतार उभा होता. डोळ्यांवर जाड काळा चष्मा. शेजारी त्याची बायको. सुताराच्या हातात एक लांब पाकीट होतं आणि दोन बोटं त्या पाकिटात होती.

"या नोटा नाहीत," तो हळूच म्हणाला. "हा नुसता कागद आहे."

बायकोनं पाकीट काउंटरवर उलटं केलं. दोन पुठ्ठे पडले आणि त्यांच्यामधून पावतीपुस्तकाचे कोरे कागद. मोजून साठ.

"साठ हिरव्या होत्या!" सुतारीण ओरडली. "यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे उद्या सकाळी, पलीकडे! डॉक्टरनं तारीख दिलीय! दोनची बोट चुकली तर पुढची तारीख सहा महिन्यांनी, आणि तोवर यांना रंधा कुठला आणि आपला अंगठा कुठला हेसुद्धा दिसायचं नाही!"

भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून सात मिनिटं झाली होती.

२

झालं कसं, ते भाचीनं रडत रडत सांगितलं.

दहा वाजता सुतार-सुतारीण आले. आयुष्याची पुंजी तपकिरी नोटांत आणलेली. भाचीनं साठ हिरव्या मोजल्या, त्या दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवल्या आणि पाकीट बंद केलं. तिकिटाच्या रांगेत खिसेकापू फार, म्हणून गिऱ्हाइकाचं पाकीट बोट सुटेपर्यंत दुकानातच ठेवायची पद्धत होती. पाकीट लोखंडी कपाटात गेलं. कपाटाची चावी भाचीच्या गळ्यात.

"आणि चावी गळ्यातून निघाली कधी?" मावशीनं विचारलं.

भाचीनं मान खाली घातली. "अकरा वाजता. बँकेतून नव्या भावाचा फोन येतो, तो आतल्या खोलीत. ते लोक खुणेचा शब्द विचारतात, आणि तो मलाच माहीत आहे. मी कपाट उघडून सुटे काढत होते, तेवढ्यात घंटी वाजली. पळाले. चावी कपाटालाच राहिली. एक मिनिट गं मावशी, फार तर दीड!"

"दीड मिनिटात तर आमची शेजारीण नवऱ्याशी भांडून माहेरी जाऊन परत येते," मावशी म्हणाली. "बाहेर कोण कोण होतं?"

तिघं होते. आणि दहापासून बाराच्या मोजणीपर्यंत दुकानातल्यांपैकी कुणीही उंबरा ओलांडायचा नाही हा शेठचा नियम. म्हणजे चोरही आत आणि नोटाही आतच.

पहिले स्वतः शेठ. हे इतके चिक्कू की घड्याळाला किल्ली देतानासुद्धा दोन वळसे कमी द्यायचे.

दुसरे पाटीकाका. बावीस वर्षं एकच काम. खिडकीत एक लाकडी भावफलक उभा होता, तोंड रस्त्याकडे आणि पाठ दुकानाकडे. त्याला पाठीमागून दोन सपाट खण. वरच्या खणात 'आम्ही घेतो'चे आकडे, म्हणजे एक हिरवी केवढ्याला विकत घेणार ते; खालच्या खणात 'आम्ही देतो'चे, म्हणजे केवढ्याला विकणार ते. फोन आला की पाटीकाकांनी खणाचं झाकण सरकवायचं, जुन्या आकड्यांच्या पाट्या काढायच्या, नव्या घालायच्या. दिवसाचं काम सहा मिनिटांचं, बाकी वेळ पाट्या पुसायच्या.

आणि तिसरे जावईबापू, शेठच्या एकुलत्या एका मुलीचे यजमान. काम काय म्हणाल, तर खुर्चीत बसून केस विंचरणं. तीन वर्षांत त्यांनी दुकानातली काडी इकडची तिकडे केली नव्हती, पण भांग एकदाही वाकडा पडू दिला नव्हता.

"चोर कशाला शोधायचा?" जावईबापू कंगवा खिशात ठेवत म्हणाले. "पाकीट बांधलं हिनं, चावी हिची. दीड वाजता आपलं दुकान जेवायला बंद होतं. तोवर कबूल झाली तर बरं, नाही तर पोलीस बघून घेतील. खिडकी मी बंद करतो, तुम्ही सगळे पुढे व्हा."

"बंद बिंद नंतर," शेठ गुरगुरले. "आधी झडती!"

३

झडती झाली. शेठनी पुरुषांची घेतली, भाचीची सुतारणीनं घेतली, आणि अशी घेतली की अंबाडासुद्धा सोडवला.

खिसे उलटे झाले. बुटांतले तळवे निघाले. छत्र्या उघडल्या, डबे उपसले, पाण्याच्या माठात हात घातला. पाटीकाकांच्या खिशात एक फडकं आणि खोकल्याच्या गोळ्या निघाल्या. जावईबापूंकडे तीन कंगवे, अत्तराची बाटली आणि दोनच्या बोटीचं एक तिकीट.

"हे काय?" शेठनी विचारलं.

"मित्राचं आहे. त्याला द्यायचंय."

हिरवी नोट एकही नाही.

"बघितलंत?" जावईबापू म्हणाले. "हिनं कुणा गिऱ्हाइकाच्या हाती बाहेर धाडल्या असणार."

भाचीचा चेहरा पांढराफटक पडला. सुतार बाकावर बसला होता, कोरे कागद एकेक करून बोटांत फिरवत. अजून कुठेतरी नोट लागेल अशी त्याला आशा होती.

मावशीला काही स्वस्थ बसवेना. ती दुकानात येरझारा घालू लागली. कपाटापासून दारापर्यंत, दारापासून कपाटापर्यंत. बारा-पस्तीस झाले. एकदम थांबली.

"शेठ, तुम्ही वेड्यासारखी झडती घेतलीत."

"काय म्हणालीस?"

"खिशात काय शोधता? बुटात काय शोधता? अहो, तिथे नोट ठेवायची तर घडी घालावी लागते! पलीकडच्या बँका घडीची हिरवी नोट घेतात का? एक रेघ दिसली की तोंडावर फेकतात. म्हणून तर तुम्ही त्या पुठ्ठ्यात ठेवता. घडी पडलेली हिरवी शेवटी येते माझ्याकडे, आणि मी देते निम्मी किंमत. पंधरा वर्षं मी दारात बसलेय. या दुकानातल्या कुणी आजवर एक तरी घडीची हिरवी मला विकलीय?"

"मूर्ख आहोत का आम्ही?" शेठ म्हणाले.

"तेच म्हणतेय. भुरटा चोर असता तर बोळा करून मोज्यात कोंबल्या असत्या आणि मघाशीच सापडला असता. हा तुमच्यातलाच. त्याच्या हाताला घडी घालणं जमणारच नाही. नोटा दुकानात सपाट पडल्यात कुठेतरी."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. जावईबापूंचा हात कंगव्याकडे गेला आणि तिथेच थांबला.

४

मग काय धांदल! परवान्याची तसबीर खाली उतरली, मागची फळी उचकटली. दिनदर्शिका पानापानानं झटकली. टेबलावरची काच उचलली. वह्या उलट्या धरून हलवल्या. आरसा काढला, चटई काढली, गादीचा अभ्रा काढला. धुळीनं सगळ्यांना शिंका यायला लागल्या.

नोटा नाहीत.

एक वाजून दहा मिनिटं. धक्क्यावर बोटीनं पहिला भोंगा दिला.

"झालं समाधान?" शेठ म्हणाले. "माझी तसबीर मोडलीस. तिचे पैसे तुझ्याकडून घेईन. आणि तुझ्या भाचीची जबाबदारी तूच घेतली होतीस, आठवतंय ना?"

मावशीनं भाचीला कोपऱ्यात ओढलं.

"पोरी, अकरानंतर काय काय झालं? अगदी माशी शिंकली असेल तरी सांग."

"काही नाही गं. मी भावाची चिठ्ठी पाटीकाकांना दिली. मग रांग. हो, एक खलाशी भांडला. मी हिरवीचे बारा-ऐंशी मागितले, तर म्हणतो, बाहेर बारा-चाळीस लिहिलंय, आत एक बाहेर एक, लुटारू आहात! मग आणखी दोघं तसंच बोलले. चुकून वरची ओळ वाचली असेल लोकांनी."

"तिघांनीही?"

"आज लोकांना झालंय काय कोण जाणे."

मावशी पुटपुटली, "तिघांना एकाच दिवशी वाचता येईनासं झालं?" आणि काही न सांगता दाराबाहेर पडली.

"पळाली!" जावईबापू ओरडले.

५

पळाली नव्हती. तिनं फक्त रस्ता ओलांडला.

आता गंमत बघा. दुकानातल्या माणसांना दिवसभर दिसायची भावफलकाची पाठ. मावशी बसायची फलकाखालीच, पण खिडकीला पाठ करून. म्हणजे दुकानाशी ज्यांचं पोट बांधलेलं, त्यांच्यातलं एकही माणूस तो फलक समोरून बघायचंच नाही! बघायची ती परकी गिऱ्हाइकं.

मावशीनं पलीकडच्या फुटपाथवरून बघितलं. डोळे बारीक केले. मग हसायलाच लागली, अशी की एका बाईनं आपल्या लेकराला जवळ ओढलं.

वरची ओळ: आम्ही घेतो, बारा-चाळीस.

खालची ओळ: आम्ही देतो, बारा-चाळीस.

मावशी उलट्या पावली आत आली. घड्याळात एक-पंचवीस.

"शेठ," ती लाडीगोडीनं म्हणाली, "तुम्ही धर्मादाय दुकान कधी काढलंत?"

"हवेत बोलू नकोस."

"बाहेर लिहिलंय ना. हिरवी घ्यायचीही बारा-चाळीसला आणि द्यायचीही बारा-चाळीसला. मग मधे तुम्हाला काय राहतं, वारा?"

शेठ चोरीनं दचकले नव्हते एवढे याला दचकले. चप्पल न घालता रस्त्यावर गेले, बघितलं, आणि छाती धरून आत आले.

"काका! कालचा देतो-भाव तसाच? बारा-ऐंशी का नाही लावला? बावीस वर्षांत असं झालं नाही!"

पाटीकाकांनी हातातलं फडकं पिळलं. "मी लावणारच होतो हो. वरची पाटी बदलली, खालच्या खणाला हात घालणार, एवढ्यात जावईबापू म्हणाले, खालची राहू दे. शेठनीच सांगितलंय. आज गिऱ्हाइकाला स्वस्तात द्यायचंय म्हणून."

आधी सुतारीण हसली. मग भाची, डोळ्यांत पाणी असतानाच.

"मी?" शेठ म्हणाले. "स्वस्तात? मी?"

"काकांना वयोमानानं भास होतात," जावईबापू म्हणाले. कपाळावर घाम आणि भांग पहिल्यांदाच विस्कटलेला.

"असेल बाई," मावशी म्हणाली. "आधी तो आकडा तरी बदला, शेठचा जीव चाललाय."

"मी बदलतो!" जावईबापू खुर्चीतून असे उडाले की खुर्ची मागे पडली. तीन वर्षांत काडी न हलवणारा माणूस! त्यांनी फलकाला पाठ लावली, मागे हात नेऊन खालच्या झाकणाशी थोडी झटापट केली आणि म्हणाले, "उघडत नाही. लाकूड फुगलंय. दीड वाजला, चला, जेवून आल्यावर बघू. तुम्ही व्हा पुढे, मी आवरून येतो."

तेव्हा बाकावरून सुतार उठला.

काठी टेकत, हात पुढे करत तो खिडकीपर्यंत आला. "जरा बाजूला व्हा, मालक." त्यानं झाकणाच्या कडेवरून अंगठा फिरवला. एकदा इकडून, एकदा तिकडून. मग बोटाच्या पेरानं टकटक केली.

"हे लाकूड फुगलेलं नाही," तो म्हणाला. "चांगलं मुरलेलं आहे. आत काहीतरी जाड बसलंय, त्यानं झाकण तटलंय."

त्यानं तळहात टेकून झाकण आधी आत दाबलं, मग सरकवलं. खण उघडला. आकड्यांच्या पाट्यांमागे दोन पुठ्ठे, आणि त्यांच्यामध्ये साठ हिरव्या नोटा. एकीवरही रेघ नाही.

६

"काकांनीच ठेवल्या!" जावईबापू किंचाळले. "खणाला हात यांचाच लागतो!"

"म्हणूनच काकांनी ठेवल्या नाहीत," मावशी म्हणाली. "अहो, काकांनी ठेवल्या असत्या तर त्यांना कसली भीती? खण उघडायचे तेच, पाटी बदलायचे तेच. पुठ्ठे जरा बाजूला सारून गुपचूप बारा-ऐंशी लावलं असतं, कुणाला पत्ता लागला नसता. खालची पाटी तशीच ठेवायची गरज कुणाला? दुसऱ्याचा हात त्या खणात जाईल अशी ज्याला धास्ती, त्याला. फोन वाजला, पोरगी आत पळाली, शेठ हिशेबात आणि काका पाट्या पुसण्यात गर्क. तुम्ही आधीच कापून ठेवलेले कोरे कागद पाकिटात सारले, नोटा पुठ्ठ्यांसकट खणात घातल्या—"

"पाकिटात पुठ्ठे होते की!" शेठ म्हणाले.

"दुकानात पुठ्ठ्यांचा ढीग आहे, शेठ. आणि मग काकांना थोपवायला यांना एक कारण हवं होतं. तिथेच फसले. दुसरं काहीही सांगितलं असतं तर चाललं असतं. पण शेठनी चाळीस सोडले? काकांनी हुकूम म्हणून ऐकलं, ते भोळे. मी मेले तरी मानणार नाही."

शेठनी मान हलवली. चेहऱ्यावर दुःख होतं आणि थोडा अभिमानही. "नाही. मी असं कधीच म्हणणार नाही."

"आणि दीडला खिडकी बंद करायची एवढी हौस का? सगळे जेवायला गेले की खण रिकामा करायचा आणि मित्राच्या तिकिटावर स्वतःच बोटीत बसायचं."

जावईबापू पडलेल्या खुर्चीवर तसेच बसले आणि एकदम भोकाड पसरलं.

"तीन वर्षं! सासरेबुवा माझ्या आंघोळीचे तांबे मोजतात! चौथा घेतला की दारावर टकटक! मला पलीकडे जाऊन केस कापायचं दुकान काढायचं होतं. माझं स्वतःचं! भरपूर पाणी असलेलं!"

कुणाला हसावं की रडावं कळेना. सुतारणीला मात्र दोन्हीला वेळ नव्हता. तिनं नोटा पाकिटात घातल्या, पाकीट पोलक्यात घातलं आणि नवऱ्याचा हात धरला.

"दोनला दहा कमी!"

मग जी पळापळ झाली म्हणता! पुढे सुतारीण, तिच्या हातात सुतार, मागे भाची त्यांचं गाठोडं घेऊन, आणि सगळ्यांच्या मागे मावशी, ब्रश अजून हातात. धक्क्यावर बोटीची फळी ओढायला दोघं वाकले होते. मावशीनं भाचीला मागे सारलं, पुढे झेप घेतली आणि फळीवर पाय रोवला.

"न्या बघू! न्यायची असेल तर माझा पाय तोडून न्या!"

खलाशांतला एक जण तिच्याकडे बघून थबकला. सकाळी भांडलेला तोच. "तुमच्या दुकानात आत एक आणि बाहेर एक—"

"तू बरोबर होतास रे राजा," मावशी धापा टाकत म्हणाली. "अख्ख्या गावात तुला एकट्यालाच नीट वाचता येतं. आता या माणसाला चढू दे, म्हणजे त्यालाही येईल."

सुतार चढला. बोट सुटली.

भाची परत दुकानात आली. गळ्यातली चावी काढली आणि शेठपुढे ठेवली. शेठनी ती उचलली, पुन्हा तिच्याच पुढे सरकवली आणि घसा खाकरला. त्यांच्या तोंडून माफी निघणं म्हणजे कपाटातून फुकट नोट निघण्यासारखंच. पण मोडलेल्या तसबिरीचे पैसे त्यांनी मावशीकडे पुन्हा कधी मागितले नाहीत. आणि त्यांच्या लेकीनं घरी असं काही सुनावलं की जावयाला पोलिसाऐवजी न्हाणीघराची किल्ली मिळाली.

महिन्याभरानं एक माणूस मावशीच्या फळकुटासमोर येऊन उभा राहिला. चष्मा नव्हता. तो तिच्याकडे टक लावून बघत राहिला.

"काय बघतोस मेल्या?"

"तुमचा आवाज ऐकून मला वाटलं होतं, तुम्ही तिशीच्या असाल," सुतार म्हणाला.

मावशीनं त्याला ब्रश फेकून मारला. त्यानं तो हवेतच झेलला. तेव्हा तिला कळलं, डोळे उत्तम झालेत. त्याच आठवड्यात त्यानं दुकानाला नवा भावफलक करून दिला, आतूनही वाचता येणारा, बाहेरूनही.

आता तुम्ही माझ्या कवळीकडे बघताय, म्हणून कबूल करून टाकते. एक गोष्ट मी पदरची घातली. बोट दोनला सुटत नव्हती. तीनला सुटायची. ते आरामात चालत गेले, वाटेत पाणीसुद्धा प्यायले, आणि फळी ओढायला कुणी वाकलं नव्हतं. पण तीनची बोट सांगितली असती तर तुम्ही मधेच उठून गेला असता. म्हणून एक तास मी चोरला. घडी न घालता, सपाट, तुमच्या डोळ्यांदेखत ठेवला होता. सापडला कुणाला?